कोरडे तांदूळ

पवनीहून आसगावकडे जाणाऱ्या रस्त्याला टेकचंद सेठजींची तांदळाची मिल होती. उकडलेल्या धानाचा आंबूस वास दूरपर्यंत येई. बाहेरगावचा माणूस नाकाला रुमाल लावी, गावातल्या माणसाला मात्र तो वास आला नाही तरच चुकल्यासारखे वाटे. मिल चालू असली म्हणजे घरोघरी चुली चालू असत.

माघाचे दिवस होते. मिलच्या सिमेंटच्या अंगणात धान पसरला होता आणि बाया त्यातून पाय ओढीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होत्या. पायांनी सऱ्या पडत, खालचा ओला धान वर येई, आणि टोक आले की पुन्हा माघारी वळायचे. सूर्य मावळेपर्यंत हेच काम. तळपाय भेगाळून जात, पण तोंड मोकळे असे आणि त्या तोंडांना दिवसभर विश्रांती नसे.

"काहो कुंते, आंधळगाववाले कवा येऊन राहिले?" शकुनबाईने विचारले. ही बायांत सगळ्यात म्हातारी. गालात तंबाखूची गोळी कायम.

"इतवारी. साक्षगंध करूनच जातो म्हनतेत."

"मंग पोट्टीले पसंत केलं म्हन ना."

"केलं बाप्पा. पोट्टा मास्तर हाय. पोरीले सातवीचं पुस्तक वाचाले लावलं त्यानं, तिनं धडाधडा वाचलं." कुंता हसली. हसताना ती पदर तोंडावर घेई. "मास्तरच गडबडला मंग."

बाया खदखदल्या. कुंताबाई तिशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, स्वभावाने भित्री. ढग गडगडले तरी दचकणारी. लग्न ठरलेली मंदा तिच्या पोटची नव्हती, जावेची होती. ती जाऊ म्हणजे रुखमा. रुखमाचे नाव मात्र त्या अंगणात कोणी काढीत नसे. का काढीत नसे, ते थोड्याच वेळात सांगावे लागणार आहे.

दुपारची भाकर खाऊन बाया उठत होत्या तेवढ्यात केशवराव दिवानजी ऑफिसातून बाहेर आले. पायात चप्पल नव्हती. वीस वर्षे मिलचा कारभार पाहणारा हा गृहस्थ कधी मोठ्याने बोलत नसे, कोणाचा रोज बुडवीत नसे. त्यांना असे अनवाणी उभे पाहून सगळ्या जागीच थांबल्या.

"ऑफिसातल्या देव्हाऱ्यातला कुडव दिसत नाही," ते म्हणाले. "कोणी पाहिला काय?"

कुडव म्हणजे धान मोजायचे पितळेचे माप. सेठजींच्या वडिलांनी त्याच मापाने धंदा सुरू केला होता. त्याला चांदीची कड लावलेली होती, दर दिवाळीला त्याची पूजा होई. सेठजी म्हणत, मिल गेली तर पुन्हा बांधीन, कुडव गेला तर लक्ष्मी गेली.

सेठजी आले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. अंगणाच्या कडेला उभे राहून त्यांनी एकेका बाईकडे पाहिले आणि म्हणाले, "पोलीस बोलवून मले तुमची इज्जत नाही घालवायची. उद्या सकाळी तांदूळ होईन. आज रातपासून कोणी पानी प्याचं नाही."

सेठजी हे मोठ्या दयाळूपणाने बोलले, आणि त्यांना खरोखरच आपण दया करीत आहोत असे वाटत होते. वाईट माणूस नव्हता तो. दिवाळीला लुगडी वाटी, कोणी आजारी पडले तर बैलगाडी देई. पण मिलमध्ये काही हरवले की गोमाजी भगताला बोलवायचे, त्याने मंतरलेले कोरडे तांदूळ बायांना एकेक मूठ चावायला द्यायचे आणि थुंकायला लावायचे, ही त्यांच्या बापाच्या वेळची रीत. ज्या बाईच्या तोंडातून तांदूळ ओला निघेल ती खरी. जिच्या तोंडातून कोरडे पीठ उडेल ती चोर. "तांदूळ कोणाची बाजू घेत नाही," असे सेठजी म्हणत. यापेक्षा जास्त न्याय तो काय असतो, असा त्यांचा सरळ विश्वास.

तो तांदूळ मिस्तरीने कधी चावला नव्हता. ट्रकच्या ड्रायव्हरने नाही, दिवानजींनी तर नाहीच. तो चावायचा फक्त बायांनी. हे कोणाला खटकलेही नव्हते. अंगण झाडायचे काम जसे बायांचे, तसेच हे.

आता रुखमाचे सांगतो. काही वर्षांमागे मिलचा नवा चामडी पट्टा हरवला होता. मशीनचे चाक फिरवणारा तो जाड पट्टा बाईमाणसाने नेऊन त्याचे करायचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तांदूळ झाला. रुखमा विधवा होती, घाबरट नव्हती, उलट फटकळ होती. पण तिची पाळी आली आणि तिच्या तोंडातून कोरडे पीठ निघाले. तिला कामावरून काढले. इतके झाले असते तर निभले असते. पण धानाच्या रोवणीला तिला कोणी बोलावीना, विहिरीवर बाया तिच्याकडे पाहून घागरी उचलून घेत, पोरे मागून 'चोट्टी' म्हणून पळत. एके दिवशी सकाळी शेताजवळच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, तिचे प्रेत तरंगले. मंदा तेव्हा बारा-तेरा वर्षांची. कुंताने तिला घरी आणले आणि आपल्या पोरांच्या पंगतीत बसवले. पट्टा कधी सापडला नाही. सापडला नाही म्हणून रुखमा चोरच राहिली.

त्या दिवशी कुंता घरी आली ती कशी आली, तिलाच कळले नाही. चूल पेटवताना तीनदा काडी विझली.

तिचा नवरा घनश्याम वखारीतून लाकडे फोडून आला. त्याने ऐकले आणि मटकन खाटेवर बसला.

"तू घेतला काय?" त्याने विचारले.

कुंताने त्याच्याकडे नुसते पाहिले. तो ओशाळला. "तसं नाई वो. इचारलं आपलं. नाई घेतला तं मंग भ्याचं कायले?"

"रुखमाबाईनं घेतला होता काय पट्टा?"

घनश्याम उठला. त्याने फडताळातून चिंचेचा गोळा काढला. "हे गालात धरजो. पानी सुटते तोंडाले."

"भगत तोंड उघडून पायते अगुदर."

"मंग कामालेच नको जाऊ उद्या."

"नाई गेली तं आजच चोर झाली मी. अन् इतवारी पाहुने येऊन राहिले."

हीच गोष्ट तिच्या छातीवर बसली होती. काम गेले तर दुसरे मिळेल, नाही मिळाले तर अर्धपोटी राहू. रुखमाचे ऐकूनही आंधळगाववाल्यांनी डोळेझाक केली होती, पण एकाच घरची दुसरी बाई चोर निघाली तर मंदाचे काय? माय चोट्टी, काकू चोट्टी. कोणता मास्तर अशा घरची पोरगी नेईल? इतवारी दारात गाडी येणारच नाही, आणि मंदा आयुष्यभर याच ओसरीवर बसून राहील.

घनश्याम बाहेर गेल्यावर तिने गाडग्यातला मूठभर तांदूळ काढला. चुलीपुढे बसून तोंडात टाकला आणि चावून तळहातावर थुंकला. ओला होता, चांगला लगदा झालेला. तिला बरे वाटले. मी घरी बसून चावला तसाच उद्या चावीन, तिने मनाला सांगितले. पुन्हा एक मूठ घेतली.

"काकू, काय खाऊन राहिली?" मंदा दारात उभी होती. कोरडे तांदूळ पाहून तिचा चेहरा बदलला. "उद्या मिलमंदी तांदूळ हाय?"

कुंताने मान हलवली. तोंडात घास होता.

मंदा जवळ येऊन बसली. "माय बी अशीच बसली होती चुलीपाशी. मले म्हने, इकडं नको पाहू." पोरगी इतकेच म्हणाली आणि विस्तवाकडे पाहत राहिली.

कुंताने तोंडातला घास हातावर काढला. कोरडा होता. बोटांनी चिवडला तर पीठ सांडले. चोरी केली नाही हे तिला पक्के माहीत होते, तिच्या देवालाही माहीत होते, पण तोंडाला ते कळत नव्हते. रुखमाचे नाव निघताच जीभ टाळूला चिकटली होती. उद्या अंगणात सगळ्या रुखमाच्या जागेकडे पाहतील, मग तिच्याकडे पाहतील, तेव्हा काय होणार ते तिला आताच दिसले.

वाचकहो, कोणी तुमच्या तोंडाकडे टक लावून पाहत उभे राहावे आणि म्हणावे की घाबरलास तर तू चोर, आणि मग तुम्ही घाबरू नये, हे तुम्हाला जमेल काय? ज्याला गमावण्यासारखे काही नाही तो निर्ढावलेला चोर ही परीक्षा हसत पास होईल. नापास होईल ती अब्रूला जपणारी बाई.

सकाळी मिलचे मशीन बंद होते. आवाजाशिवाय मिल ओळखूच येत नव्हती. अंगणात बाया रांगेने बसल्या होत्या. रात्रीपासून पाणी नाही, ऊन चढत चाललेले. एक तरुण पोरगी मुसमुसत होती, तिला शेजारणीने कोपराने ढोसले. रडल्यावर संशय येतो. पाण्याचा माठ कोपऱ्यात झाकून ठेवला होता आणि सगळ्यांचे डोळे पुन्हा पुन्हा तिकडे जात होते.

गोमाजीने पाट मांडला, ऊद जाळला, थाळीतल्या तांदळावर हळद टाकून काही पुटपुटला. सेठजी खुर्चीवर बसले. दिवानजी त्यांच्या मागे उभे राहिले. मिस्तरी, ड्रायव्हर, हमाल बाजूला गर्दी करून तमाशा पाहायला उभे.

शकुनबाई पहिली गेली. तिच्या तोंडातून लगदाच पडला. जन्मभर तंबाखू खाणाऱ्या बाईच्या तोंडाला पाण्याची काय कमी? एकामागून एक बाया उठत होत्या. एकीचा घास जरासा कोरडा निघाला, गोमाजीने तो नखाने उकरून पाहिला, आणि तेवढ्या वेळात ती बाई उभ्या जागी पांढरी पडली. "बरा हाय," गोमाजी म्हणाला. ती जागेवर येऊन पदरात तोंड खुपसून बसली.

"कुंताबाई."

ती उठली. पायाखालचे सिमेंट तिला लागत नव्हते. पाठीमागे कोणीतरी कुजबुजले, "रुखमाची जाऊ." गोमाजीने तोंड उघडायला लावून आत पाहिले, तळहातावर तांदूळ ठेवला आणि म्हणाला, "सत्यानं चाव बाई."

तिने जीभ हलवून पाहिली. तोंडात थेंब नव्हता. अजून चावलाही नव्हता, तरी निकाल लागलेला होता. मंदा तिच्या डोळ्यांपुढे आली, चुलीपुढे बसलेली, विस्तवाकडे पाहणारी. आणि भीती इतकी वाढली की तिच्यापुढे जायला जागाच उरली नाही. आता चावले तरी गेलेच, नाही चावले तरी गेलेच. मग बोलायला काय हरकत आहे, असे काहीतरी तिला वाटले असावे.

"सेठजी, एक इचारू?" आवाज इतका बारीक होता की गोमाजीने कान पुढे केला.

"विचारायचं काय त्यात? चाव आधी," सेठजी म्हणाले.

"कुडव कुठं होता?"

"ऑफिसात. तुले नाही माहीत?"

"ऑफिसात आमाले उंबऱ्याच्या आत येऊ देत नाई. आमी बाहेरूनच रोजाचे पैसे घेतो. कुलपाची किल्ली दिवानजीपाशी असते." तिने हातातल्या तांदळाकडे पाहिले. "मंग दिवानजीनं अगुदर चावावं. त्याईच्या मांगून मी चावतो."

बायांनी माना वर केल्या. शकुनबाई तेवढी "माय वो" म्हणाली, तेही स्वतःशीच.

"होश में है तू?" सेठजी खुर्चीतून उठले. "दिवानजी चोर हायेत?"

"मी चोर नाई म्हनत त्याईले. मले तरी कोन चोर म्हनलं अजून? तरी बी मी उभीच हाय ना इथं."

उत्तर न सुचलेल्या माणसाला येतो तसा सेठजींना राग आला. "चावून दाखवा दिवानजी. एकदा हिचं तोंड बंद करा."

केशवराव हसतच पुढे आले. त्यांच्या मनात काही नव्हते. वीस वर्षांत एका दाण्याला हात लावलेला नाही, मग भीती कसली? त्यांनी मूठभर तांदूळ तोंडात टाकला आणि चावू लागले.

मग त्यांनी वर पाहिले. सगळ्या बाया त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. हमाल पाहत होते, मिस्तरी पाहत होता. कालपर्यंत मान खाली घालून समोरून जाणारी ही माणसे आता त्यांच्या जबड्याची हालचाल पाहत होती. सेठजीही पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत एक क्षण, अगदी एकच क्षण, काहीतरी वेगळे दिसले. आपल्यावर सेठजींचा संशय आला तर? कॉलेजात असलेला मुलगा, घरी आजारी पत्नी, या वयात दुसरी नोकरी कोण देणार? केशवरावांच्या कपाळाला घाम आला. तोंडातला घास फिरेना. ते चावत राहिले, चावत राहिले, आणि थुंकायची हिंमत होईना.

"थुका दिवानजी," गोमाजी हळूच म्हणाला.

ते वाकले. पाटावर कोरडे पांढरे पीठ पडले. थोडे वाऱ्याने उडाले.

गोमाजीने थाळी बाजूला सरकवली आणि उदाच्या धुराकडे पाहू लागला. सेठजींनी घसा साफ केला. "दिवानजीले पित्ताचा त्रास हाय. सकाळपासून पोटात काही नसन."

"आमच्या पोटात काय हाय मंग?" रांगेतून कोणीतरी म्हटले.

केशवराव पाटापुढे तसेच उभे होते. मान वर होत नव्हती. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली, तीच जुनी कुजबुज, आणि ती आता त्यांच्या अंगावर येत होती. रुखमा ह्याच जागी उभी होती. तेव्हा सेठजींनी "काढा हिला" म्हटले आणि केशवरावांनी काढले. तिने त्यांच्याकडे पाहिलेही होते.

"दिवानजीनं नाई चोरला सेठजी," कुंता म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिच्या मुठीतले तांदूळ खाली सांडत होते.

"त्याईले भेव लागलं. इतके लोकं तोंडाकडं पाहून राहिले का लागतेच. मले कालपासून लागून राहिलं." ती थांबली. पुढचे वाक्य तिने किती वर्षे पोटात ठेवले होते कोणास ठाऊक. "दिवानजी चोर नाईत, तं माही रुखमाबाई बी चोर नव्हती."

ती गोमाजीकडे वळली. उरलेले तांदूळ तिने थाळीत परत टाकले, फेकले नाहीत, हळूच टाकले, अन्न होते ते. मग ती कोपऱ्यातल्या माठाकडे चालत गेली. झाकण काढले, गडवा बुडवला आणि तिथेच उभी राहून प्याली. अर्धे पाणी लुगड्यावर सांडले.

"पानी पेली त तांदूळ चालनार नाही," सेठजी म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

शकुनबाई उठली. गुडघे धरीत माठापाशी गेली आणि पाणी प्याली. तिची तर परीक्षा झालीही होती, तिला पाण्याची गरज नव्हती असे नाही, पण ती उठली ती गरजेने नव्हे. तिच्यामागून मघाची ती मुसमुसणारी पोरगी उठली. मग उरलेल्या. माठ रिकामा झाला तेव्हा चावण्यालायक कोरडे तोंड रांगेत एकही उरले नव्हते. गोमाजीने पाट उचलला आणि कोणाला काही न बोलता फाटकाबाहेर गेला.

कुंताला कोणी कामावरून काढले नाही. पण पुढचे काही दिवस ती रोज सकाळी आता काढतील, आता काढतील, अशा धाकातच फाटकातून आत जाई. धीट झाली वगैरे काही नाही. ढग गडगडले की ती अजूनही दचकते. मिलमध्ये पुन्हा तांदूळ मात्र झाला नाही. सेठजी म्हणत, गोमाजी आता म्हातारा झाला. केशवरावांनी हट्ट धरून दोन गोष्टी करून घेतल्या: काही हरवले तर मालकासकट सगळ्यांना सारखेच विचारायचे, आणि ऐकून घेतल्याशिवाय कोणाला काढायचे नाही. सेठजी कुरकुरले, मग म्हणाले करा तुमच्या मनाने. नवल असे की त्यानंतर मिलमधल्या वस्तू पूर्वीपेक्षा कमीच हरवू लागल्या.

आणि कुडव? कुडव कोणी नेला ते कधीच कळले नाही. वाचकहो, तुम्हाला हे खटकले असेल. चोर कोण ते कळल्याशिवाय गोष्ट पुरी कशी झाली? त्या अंगणातल्या प्रत्येक माणसाला असेच वाटत होते. कोणीतरी एक चोर ठरला पाहिजे, तो कोणीही असो. त्या हट्टापायी एक बाई बोडीत गेली.

इतवारी आंधळगावचे पाहुणे आले. कुंताने पहाटेपासून रस्त्याकडे डोळे लावले होते, गाडी दिसली तेव्हा ती आत जाऊन रडली. ओसरीवर सतरंजी घातली होती, पाहुण्यांचा चहा चालला होता, आणि तेवढ्यात केशवराव दिवानजी सायकलवरून आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. ते सतरंजीवर बसले नाहीत. उभ्या उभ्याच, पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या मुलीची आई आमच्या मिलमध्ये होती. ती चोर नव्हती. तिला मी काढले होते, आणि ती मी चूक केली. हे मी कोणाच्याही पुढे सांगीन."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. मुलाचा बाप म्हातारा शेतकरी होता. त्याने कप खाली ठेवला. "बसा ना दिवानजी," तो म्हणाला. "साक्षगंधाले वेळ हाय अजून."

मंदा दारात उभी होती, नव्या लुगड्यात. तिने केशवरावांकडे पाहिले. आवाज चढवला नाही.

"माय चोर नव्हती हे तुमाले तवा मालूम होतं?"

"वाटत होते," केशवराव म्हणाले.

"मंग तवा काहून नाई बोल्ले?"

त्यांनी तोंड उघडले. जिभेवर काही आले नाही. ओसरीवर सगळे वाट पाहत होते. पोरीने क्षणभर त्यांच्या ओठांकडे पाहिले, आणि आत जाऊन त्यांच्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन आली.